बाई बसल्या

आमच्या भागात जनावर 'बसलं' असं कुणी सांगितलं, की ऐकणारा हातातलं काम टाकून गोठ्याकडं पळतो. रवंथ करायला म्हैस खाली बसते ते बसणं वेगळं, त्याची बातमी कुणी देत नाही. 'म्हैस बसली' म्हणजे तिला उठता येत नाही. व्याल्यावर बसली, घसरून बसली, पाय मोडून बसली. त्या एका शब्दात घरच्या बाईचं रडंही असतं आणि 'डॉक्टरला आणा' हा हुकूमही असतो.

माझी आई गुरांची डॉक्टर होती. हा शब्द ऐकतच मी वाढलो. सकाळी दारात सायकल टेकवून कुणीतरी ओरडायचं, "बाई हाईत का? म्हस बसलीया!" आणि आई अर्धा चहा तसाच ठेवून बॅग उचलायची. तरीही ज्या दिवशी हा शब्द माझ्यासाठी आला, त्या दिवशी मला तो कळला नाही.

आईला जाऊन आता वर्ष होत आलं. तिनं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. ती बसली, तर तिला जबरदस्तीनं उभं करायचं नाही. मी हो म्हणालो होतो. पुढं काय झालं ते लिहायला बसलोय, पण आधी ती कोण होती ते सांगायला हवं. नाहीतर तिची आठवण म्हणजे फक्त नळ्या लावलेली एक म्हातारी, एवढंच उरेल. तसं मी तिला आधीच पुरेसं केलं आहे.

कोडोलीच्या पलीकडं एका खेड्यात तिचा जन्म. घरी थोडा ऊस, चार म्हशी. मॅट्रिकनंतर गुरांची डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं, तेव्हा आमच्या भागात कुणी बाई त्या वाटेला गेलेली नव्हती. पुढं लोक तिला विचारायचे, लहानपणी घरची एखादी लाडकी म्हैस मेली असेल, म्हणून तुम्ही हे शिकलात का? लोकांना अशी गोष्ट हवी असते. आई म्हणायची, "तसलं काय नव्हतं. मला घरातनं बाहेर पडायचं होतं, आणि म्हशीची मला भीती वाटत नव्हती. माणसांची वाटायची." मुंबईच्या कॉलेजात तिच्या वर्गात ती एकटी मुलगी. मुलींसाठी वसतिगृह नव्हतं, म्हणून लांबच्या नात्यातल्या एका गिरणी कामगाराच्या खोलीत, त्यांच्या पाच पोरांत सहावी होऊन ती राहिली.

पहिली नेमणूक पन्हाळा तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात. तिथला पहिला दिवस ती आम्हाला नक्कल करून दाखवायची. एक शेतकरी आला, दारातूनच आत बघून म्हणाला, "डॉक्टर कुठं हाईत?"

"मीच."

"न्हाय, गुरांचं डॉक्टर."

"मीच की."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, भिंतीवरच्या बैलाच्या तक्त्याकडं बघितलं, आणि बाकावर बसून घेतलं. "बरं बरं. साहेब येईस्तवर बसतो."

तो दुपारपर्यंत बसला. दुपारी आईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "म्हस काय मेल्यावर दाखवणार हाईसा?" मग तो उठला. गोठ्यात गेल्यावर कळलं, पारडू आडवं आलंय. आईनं बाही वर केली, तर घरातली म्हातारी मध्ये आली. बाईमाणसानं असा हात घालायचा म्हणजे काय! आई म्हणाली, "मग काय बाप्यामाणूस व्याला होता कधी? व्यायचं कुणाला कळतं, त्याला का मला?" म्हातारी हसली आणि बाजूला झाली. आईचा हात बारीक आणि लांब होता, पुरुष डॉक्टरचा हात अडायचा तिथं तो जायचा. पारडू जिवंत निघालं. त्यानंतर त्या गावानं 'साहेब कवा येणार' असं कधी विचारलं नाही.

बाकी ठिकाणी विचारत राहिले. तालुक्याच्या बैठकीत तिला साहेबांच्या बायकांत बसवलं जायचं आणि हळदीकुंकवाचं ताट पुढं यायचं. ती कुंकू लावून घ्यायची आणि मग उठून आपल्या खुर्चीवर जाऊन लसीच्या पुरवठ्यावरून भांडायची. सुरुवातीला ती नऊवारीत काम करायची, बैठक मारायला आणि सायकल चालवायला सोपं पडतं म्हणून. पुढं आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मुसलमान चाचांनी तिला मोटारसायकल शिकवली, तेव्हा तिनं पँट शिवून घेतली. गल्ली आठवडाभर तोंडात बोटं घालून होती. चाचा म्हणायचे, "बघा बघा. तुमची म्हैस अडली की हीच पँट दिसायची वाट बघणार हायसा."

शाळेत मला पोरं 'म्हशीच्या बाईचा' म्हणायची. मला त्याची लाज वाटायची. घरी तिच्या अंगाला वास यायचा, कितीही आंघोळ केली तरी कोपरापर्यंत एक वास उरायचाच. वडील शाळामास्तर होते, वेळेवर घरी यायचे, त्यामुळं स्वयंपाक बऱ्याचदा तेच करायचे. एखाद्या घरी म्हैस नीट व्याली, की डॉक्टरच्या घरी चीक पोचवायची पद्धत होती. ॲल्युमिनियमच्या किटलीत, वर केळीचं पान बांधून. वडील त्या चिकाचा खरवस करायचे, गूळ आणि वेलदोडा घालून. आई दमून आली की ओट्यापाशी उभी राहूनच भांड्यातून खायची. जगात तिला दुसऱ्या कशाची चटक असल्याचं मला आठवत नाही.

सुट्टीच्या दिवशी ती मला कधीकधी मागं बसवून न्यायची. वारणेकडच्या एका वस्तीवर आदल्या दिवशी व्यालेली एक म्हैस बसली होती. मान कुशीकडं वळवून, डोळे अर्धे मिटून. घरात सगळे रडत होते. आईनं माझा हात धरून म्हशीच्या कानावर ठेवला.

"कसा लागतो?"

"गार."

"गार कान म्हणजे अंगातलं चुन्याचं बळ संपलंय. दूध देऊन रिकामी झालीय ती. ही उठते बघ."

तिनं मानेच्या शिरेत कॅल्शियमची बाटली लावली. एका हातानं बाटली धरून दुसरा हात म्हशीच्या छातीवर ठेवला होता. घाई केली तर काळीज बंद पडतं, म्हणाली. बाटली संपायच्या आत म्हशीच्या अंगावर काटा आला, तिनं मोठा ढेकर दिला, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं मागचे पाय गोळा करून उठून उभी राहिली. घरातली माणसं आईच्या पाया पडायला लागली. "पाया नंतर पडा. आज धार पुरती काढू नका, आधी ते कबूल करा," ती म्हणाली. येताना मोटारसायकलवर मी तिच्या पाठीला गाल टेकवून बसलो होतो. त्या दिवशी मला वास आला नाही.

पण सगळ्या उठत नसत. यातच तिच्या धंद्याचं खरं कसब होतं, आणि हीच गोष्ट मी तिच्याकडून शिकलो नाही. कुठली उठेल आणि कुठली नाही हे ती हात लावून ओळखायची, आणि उठणार नसेल तर तोंडावर सांगायची.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. एका घरी म्हैस ओल्या फरशीवर घसरून बसली होती, मागचे पाय फाकून. आईनं माकडहाडापासून दाबत दाबत बघितलं आणि म्हणाली, "मोडलंय. ही उठत न्हाय. दुखायचं तेवढं मी थांबवते. खाली उसाचं जाड पाचट टाका, पाणी तोंडापाशी ठेवा, कूस बदलत रहा. आणि बसू द्या तिला."

चारपाच दिवसांनी त्याच वाटेनं येताना आम्ही डोकावलो. त्यांनी म्हशीच्या पोटाखाली पोती घातली होती, पोत्यांना वासे, वाशांना दोर, आणि दोर गोठ्याच्या आढ्याला. म्हैस अधांतरी. चारी पाय लोंबत होते. पोत्यानं पोटाची कातडी सोलली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते कशाचं ते मला माहीत नाही.

घरचा कर्ता म्हणाला, "बाई, प्रयत्न नको व्हय करायला?"

"कुणासाठी?" आईनं विचारलं.

"आँ?"

"हे चाललंय ते कुणासाठी? तिच्यासाठी का तुमच्यासाठी?"

"तसं न्हाय... शेजारीपाजारी म्हंत्यात, दूध दिलं तवर गोड, आन् आता टाकली जमिनीवर."

"मग शेजाऱ्यांना बांधा की वर."

तिनं खुंटीवरचा विळा घेतला, दोन माणसांना म्हशीला धरायला लावलं आणि दोर कापला. म्हैस पाचटावर आली आणि तिनं लांब श्वास सोडला. कर्त्याचा तरणा मुलगा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. मीही बघत होतो.

निवृत्तीनंतरही लोक येत राहिले. नंतर त्या वस्त्यांवर दूध संघांच्या गाड्या फिरायला लागल्या, नवी पोरं डॉक्टर झाली, त्यांत मुलीही पुष्कळ. एका महिला दिनाला तिचा 'जिल्ह्यातली पहिली' म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार झाला. भाषणात ती म्हणाली, "पहिली म्हणजे काय, माझ्या पुढं रांगेत कुणी नव्हतं एवढंच." लोक हसले. तिला ते विनोद म्हणून म्हणायचं नव्हतं, असं मला वाटतं.

वडील गेल्यानंतर एके सकाळी आम्ही दोघं परसात चहा पीत होतो. ती स्वतःच्या गुडघ्याला हात लावून बघत होती, जनावराला लावावा तसा.

"मी बसले, तर माझ्या पोटाखाली वासे घालायचे न्हाईत."

मी हसलो. "आई, तू काय म्हैस आहेस का?"

"म्हशीला विचारता येत न्हाय म्हणून तिचं मला ठरवायला लागायचं. मला बोलता येतंय. दुखायचं थांबव, कूस बदल, पाणी दे. आणि बसू दे."

"बरं."

"बरं नको. हो म्हण."

"हो," मी म्हणालो. मग तिनं कप विसळला आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायला लागलो.

मी कागलच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत नोकरी करतो. ओतलेल्या लोखंडात कुठं पोकळी राहिली आहे का ते तपासायचं काम. दोन वर्षांपूर्वी आई तापानं आजारी पडली, ताप गेला पण अंगातलं बळ घेऊन गेला. ती अंथरुणाला खिळली. दिवसा तिच्याजवळ राहायला आम्ही कोडोलीची एक मावशी ठेवली होती. डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडा वेळ तरी उशीला टेकवून बसवा, नाहीतर छाती भरेल. आईला ते जमेना. म्हणून मी रोज दुपारी जेवायच्या सुट्टीत फोन करून मावशीला विचारायचो, "बसली का आज?" मावशी सांगायच्या, "न्हाय दादा. आज बी न्हाय." असं कितीतरी दिवस चाललं होतं.

त्या दिवशी कारखान्यात बाहेरचे ग्राहक तपासणीला आले होते. मी त्यांच्याबरोबर फिरत होतो. फोन वाजला. मावशींचा.

"दादा, बाई बसल्या."

मला इतका आनंद झाला. भट्टीच्या आवाजात मी एका कानावर हात ठेवून ओरडलो, "कधी?"

"ह्ये आत्ताच. बाथरूमच्या म्होरं."

बाथरूमच्या समोर खुर्ची असते. मला वाटलं, उठून तिथवर गेली आणि खुर्चीवर बसली. "अरे वा! बसू दे मग. चहा द्या तिला."

"बसू दे म्हंतासा?"

"हो, बसू दे की! निवांत बसू दे. मी येतो संध्याकाळी."

मी फोन ठेवला. पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, काय, चांगली बातमी का? मी म्हणालो, आई आज बसली.

संध्याकाळी जाताना मी अर्धा डझन केळी घेतली. दार उघडंच होतं. आई बाथरूमच्या पुढच्या बोळात जमिनीवर आडवी होती. खाली गोधडी, डोक्याखाली उशी, एक पाय बाहेरच्या बाजूला विचित्र वळलेला. मावशी शेजारी मांडी घालून बसल्या होत्या. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि ती हसली. आजारी पडल्यापासून ती इतकं मोकळं हसली नव्हती.

"आलास? ये, बस इथं."

मी मावशींवर ओरडलो. "अशी जमिनीवर टाकलीत तुम्ही तिला? दुपारपासून? अक्कल आहे का तुम्हाला?"

मावशी गडबडून उठल्या. "तुमीच म्हणालासा की दादा, बसू द्या म्हणून! दोन येळा इचारलं मी!"

त्यांचं बोलणं मला नंतर कळलं. आधी दिसला तो आईचा चेहरा. ओल्या भिंतीवरून चुना निसटतो तसं हसू त्याच्यावरून निघून गेलं.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं," ती म्हणाली.

त्या दुपारी काय झालं ते दोघींनी मला पुढं कधीतरी तुकड्यातुकड्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण आई पुढं बोलू शकली नाही, त्यामुळं जे कळलं ते मावशींकडूनच. आई एकटीच उठून बाथरूमकडं गेली आणि पडली. मावशी उचलायला धावल्या तर तिनं त्यांना थांबवलं, स्वतःच खुब्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "मोडलंय. त्याला फोन लाव. सांग, बसली म्हणून. एवढंच सांग, त्याला कळतंय." मावशींनी माझा निरोप सांगितला तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, "काय म्हणाला?" "बसू द्या म्हंत्यात. निवांत बसू दे म्हणाले." यावर ती म्हणाली, "शिकला की."

दुखायच्या गोळ्या घरात होत्या, त्या तिनं घेतल्या. ताक मागून प्यायली. दुखत होतं, कूस बदलताना कण्हायची, पण त्या दुपारी ती मावशींशी भरपूर बोलली. मुंबईतली ती खोली, चाचांनी शिकवलेली गाडी, माझा जन्म. माझ्या जन्माबद्दल काय म्हणाली ते मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "तसं ध्येनात न्हाय दादा. पर हसून सांगत व्हत्या."

ती दुपार माझी होती. ती मला द्यायची म्हणून तिनं निरोप पाठवला होता. मी तेव्हा पाहुण्यांना लोखंड दाखवत होतो.

मी रुग्णवाहिका बोलावली. आई म्हणाली, "उचलू नकोस रे." मी म्हणालो, "आई, वेडेपणा करू नकोस." तिच्याशी माझं हे शेवटचं बोलणं; दवाखान्याच्या वाटेतच ती दुखण्यानं गुंगीत गेली, आणि नंतर गळ्याला नळी आली. गल्लीतली चार पोरं आली, चादरीला चार टोकांनी धरून आम्ही तिला वर घेतलं. चादरीत तिचे पाय लोंबत होते.

हाड मोडलेल्या माणसाला दवाखान्यात नेणं चूक, असं मी म्हणत नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन नको असेल तर दुखणं थांबवून घरी ठेवता येईल, हेही सांगितलं. ते वाक्य मी ऐकलं होतं. ते आईचंच वाक्य होतं. शेजारी मामा उभे होते, आईचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "आक्काला अशी सोडलीस तर भाऊबंद तोंडात शेण घालतील. कमी करू नगंस कशात." पण मामांवर ढकलून काही उपयोग नाही. हो मी म्हणालो होतो, मामांनी नाही. मीच डॉक्टरांना म्हणालो, "जे जे करता येईल ते सगळं करा."

ऑपरेशन झालं. मग छाती भरली. मग श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी, जेवणासाठी नाकात नळी. प्रत्येक वेळी मला बाजूला घेऊन विचारलं जायचं, आणि प्रत्येक वेळी मी तेच वाक्य म्हणायचो. दुसऱ्या वेळेपासून ते म्हणताना मला माहीत होतं की मी काय करतोय. एकदा वासे लावले, की ते काढायला विळा लागतो. तो हातात घ्यायची ताकद माझ्यात नव्हती. थांबवा म्हणालो, तर आईला मी मारलं असं झालं असतं. चालू ठेवा म्हणालो, तर लोक म्हणणार होते, किती करतो पोरगा. म्हणालेही.

काही आठवड्यांनी तिला घरी आणलं, नळ्यांसकट. तिला सगळं कळायचं. डोळे मिटून घ्यायची, ते मी खोलीत आलो की. मावशी आल्या की उघडायची. मी तिची कूस बदलायचो, पाठीला पावडर लावायचो, हे मात्र मी मन लावून केलं. तरीही पाठ सोलली. एकदा कूस बदलताना तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं आणि ओठ हलले. गळ्याला नळी असल्यामुळं आवाज नव्हता. मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो की ती पाणी मागत असेल. पण पाणी म्हणताना ओठ मिटतात. तिनं म्हटलेला शब्द लांब होता. मला तो 'कुणासाठी' असा दिसला.

उन्हाळ्याच्या तोंडाला वारणेकडून कुणीतरी चीक पाठवला. बाई घरी आल्यात एवढंच त्यांना माहीत होतं. किटली आता स्टीलची होती, वर केळीचं पान मात्र होतं. मी वडिलांसारखा गूळ आणि वेलदोडा घालून खरवस केला. का केला, सांगता येणार नाही. तिला तोंडानं काही द्यायचं नाही, अशी सक्त सूचना होती. वास खोलीभर गेला. आईनं डोळे उघडले आणि मी खोलीत असतानाही ते उघडेच ठेवले.

मावशी म्हणाल्या, "जिभेला लावू द्या की दादा. एवढंसं. नखावर मावंल एवढं."

"नको. ठसका लागला तर?"

"लागू द्या की वो."

"नको म्हटलं ना!"

आईनं डोळे मिटले. मावशी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. खरवस शेवटी आम्ही बाकीच्यांनीच खाल्ला. मीही खाल्ला.

त्यानंतर ती आणखी बरेच महिने होती. गेली तेव्हा सकाळची वेळ होती, मी कामावर जायला निघालो होतो. मावशींनी हाक मारली. मी जवळ जाऊन आईच्या कानाला हात लावला. गार होता.

दुखवट्याला खूप माणसं आली. गल्लीतली, नात्यातली, वारणेकडची, कागलची. चाचा आता राहिलेले नाहीत, पण त्यांची मुलं-सुना आली, तीन दिवस त्यांच्या घरून आमच्याकडं जेवण आलं. सगळे एकच बोलत होते. लेकानं लई केलं. आईचं असं करणारा हल्ली कोण हाय? मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि लोकांना वाटत होतं की ती दुःखानं खाली गेली आहे. मावशी आतल्या दाराशी बसल्या होत्या. कुणी असं म्हणालं, की त्या उठून कप गोळा करायला लागायच्या.

शेवटी शेवटी एक जण आला. माझ्याच वयाचा, पांढरी टोपी, हातात पिशवी. मी ओळखलं नाही. त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "आमच्या म्हशीचा दोर कापला व्हता बाईंनी. तुमी बी हुतासा तवा." तो त्या गोठ्याच्या दारात उभा असलेला तरणा मुलगा होता.

मी त्याला चहा दिला. तो बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायला. मग, आमच्याकडं जनावराबद्दल विचारतात त्याच सुरात, त्यानं सहज विचारलं.

"किती दिस बसल्या व्हत्या?"

या वेळी मला शब्द बरोबर कळला.

"वर्षाला थोडे कमी," मी म्हणालो.

त्यानं बशी खाली ठेवली. "बाई? वरीसभर?"

मग त्यानं भिंतीला लावून ठेवलेल्या दवाखान्यातल्या लोखंडी कॉटकडं बघितलं. ती अजून परत द्यायची राहिली होती. तिला सलाईनची बाटली टांगायचा दांडा तसाच होता, आणि आईला ओढून वर घेण्यासाठी बांधलेला पट्टा त्याला लोंबत होता. त्यानं तो पट्टा पुरता बघून घेतला.

मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, त्यानं काहीतरी म्हणावं. निदान त्यानं तरी.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. त्यानं टोपी नीट केली, पिशवी उचलली, आणि काही न म्हणता तो निघून गेला.